मुकादमाची फुटबॉल टीम

४ जानेवारी १९९५, बुधवार

ही डायरी शेठने दिवाळीला वाटली होती. दोन महिने कपाटावर धूळ खात पडली होती. आज जयश्रीने काढून हातात दिली. म्हणे, "बाबा, तुमचा राग ह्यात लिहा, म्हणजे आमच्या वाट्याला कमी येईल." अकरावीत गेली आणि पोरीला जीभ फुटली. पण ठीक आहे, लिहितो.

बुधवारी आमच्या पट्ट्यात लाईट बंद असते, म्हणून खातं, म्हणजे आमचा मागांचा कारखाना, बंद. तरी भूपेंद्रभाई शेठने घरी बोलावलं. वाटलं पगारवाढ. कसली पगारवाढ! सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला तेव्हा निम्मं खातं पळून गेलं, अजून सगळे परतलेले नाहीत. (मीही गावी दोंडाईच्याला गेलो होतो, पण तेराव्या दिवशी परत आलो. ते कोणी लक्षात ठेवत नाही.) म्हणून मजुरांचं मन रमावं, माणसं टिकावीत, यासाठी आठ खात्यांच्या शेठ लोकांनी फुटबॉलची स्पर्धा काढली आहे. क्रिकेटला सतरा भानगडी लागतात, इथे एक बॉल आणला की बावीस जण गुंततात, असा शेठचा हिशोब. आणि आमच्या टीमचा मॅनेजर कोण, तर मी.

मी म्हटलं, शेठ, मी जन्मात हुतूतू खेळलो, फुटबॉलला कधी पाय लावला नाही. तर शेठने खरी गोष्ट काढली. शहराबाहेर सचिन गावाला नवीन शेड उभी राहते आहे, बहात्तर मशीनची. तिथे हेड मुकादम लागणार. शेठच्या भाच्याने एक डिप्लोमावाला पोरगा शोधून ठेवला आहे, तेवीस वर्षांचा. शेठ म्हणाले, "निंबा, पहेलां टीम चलावी बताव, पछी शेड." आधी टीम चालवून दाखव, मग शेड.

वीस वर्षं झाली मला या माणसाच्या खात्यात. वीस! काल मिसरूड फुटलेल्या पोराच्या हाताखाली मी काम करायचं? मेलो तरी नाही. टीमच काय, सर्कस चालवून दाखवीन.

७ जानेवारी, शनिवार

पहिली प्रॅक्टिस. रात्रपाळी सकाळी सातला सुटली, सव्वासातला मी सगळ्यांना लिंबायत वस्तीच्या मागच्या मैदानावर उभं केलं. दहा फेऱ्या. चौथ्या फेरीला दत्तूने उलटी केली. परभणीचा हा दत्तू, अंगाने काडी, पण पळतो. म्हटलं, ओक आणि पळ. बारा तास उभं राहून येता हे मलाही माहीत आहे, मी काय गादीवर लोळून आलोय?

मॅनेजर यशस्वी कशाने होतो, यावर दोन दिवस विचार केला. उत्तर सोपं आहे. आवाज आणि धाक. खात्यात मशीनच्या खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातवारे करून बोलतात. बोटं गोल फिरवली की बॉबीन संपली. मूठ उघडली की तार, म्हणजे धागा, तुटला. डोक्यावर हात ठेवला की शेठ आला. गालावर हात ठेवला की लाईट गेली. मी हातवारे करत नाही. मुक्याबहिऱ्यांचे खेळ ते. माझा आवाज अठ्ठेचाळीस मशीनच्या वरून जातो, शेवटच्या रांगेतला माणूसही मान डोलावतो. तोच आवाज मैदानावर चालवायचा.

११ जानेवारी, बुधवार

पाच-शून्य! पाच-शून्य हरलो! प्रॅक्टिस मॅच होती म्हणून वाचलो. समोर कोण, तर डाईंगवाले, दिवसभर रंगात हात घालणारे. शेठ खुर्ची टाकून बसले होते, शेजारी तो डिप्लोमावाला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. दोन कशाला लागतात?

मी घसा फुटेपर्यंत ओरडलो. राघो मागे ये, दत्तू उजवीकडे बघ, सुपडू माणूस धर. एकही गाढव वळून बघायला तयार नाही. बहिरे झालेत का सगळे? पाचवा गोल गेला तेव्हा मी चप्पल काढून गोलकीपर दगाला हाणली. एवढा सहा फुटी माणूस, बीमसारखा उभा राहतो आणि बॉल पायाखालून जातो. लागली कानशिलात. दगाने चप्पल उचलली, धूळ झटकली, माझ्यापुढे आणून ठेवली आणि मैदानातून निघून गेला. म्हणाला बहुतेक की परत येणार नाही. तोंडातल्या तोंडात बोलतो, नीट कळलं नाही.

घरी सरला विचारते, "दगाला मारलं का तुम्ही?" म्हटलं, तुला काय करायचंय? नऊ वर्षं आमच्याच खात्यात बॉबीन भरायची, त्यामुळे सगळी पोरं तिला मावशी म्हणतात आणि हिला वाटतं खातं हिच्या माहेरचं आहे. आता घरी बसून साड्यांचे धागे कापते, ते कापावेत. जेवलो नाही.

१४ जानेवारी, शनिवार

उत्तरायण. सगळं सुरत गच्चीवर. प्रॅक्टिसला एक माणूस नाही. मैदानाच्या मधोमध मी एकटा, हातात बॉल, डोक्यावर हजार पतंग. एक मांजा गळ्याला घासून गेला. लोकांचे सण आणि माझं मरण.

सरलाचं हळदीकुंकू आजपासून सुरू. रथसप्तमीपर्यंत आता घरात बाई सापडायची नाही. आज म्हणे नवागामला चालले. तिथे दगाची बायको राहते. जा म्हटलं, तेवढंच घर शांत.

निघताना दारात थांबून म्हणाली, "राघोला डाव्या बाजूला घाला. तो सुताचा जड बीम कायम डाव्या खांद्यावर घेतो, त्याचा डावा पाय पक्का आहे." मी हसलो. म्हटलं, फुटबॉल पायाने खेळतात, खांद्याने नाही. ती काही बोलली नाही. निदान मला तरी काही ऐकू आलं नाही.

१६ जानेवारी, सोमवार

दगा आला. सव्वासातला हजर, मान खाली. मला ठाऊकच होतं. जिथे धाक असतो तिथे माणूस परत येतो. माफी मागायला लागेल म्हणून मनात थोडी धाकधूक होती, पण त्याने विषयच काढला नाही. मग मीही नाही काढला.

घरी मात्र डोकं सणकलं. संक्रांतीला बायका वाण म्हणून वाटी देतात, चमचा देतात, फार तर साबणदाणी. आमच्या बाईसाहेबांनी काय दिलं? मोजे! घरोघरी जाऊन, टीममधल्या प्रत्येकाच्या बायकोला, आईला, वहिनीला, पुरुषाच्या निळ्या मोज्यांचा जोड! सगळ्या लिंबायतीत आता हसतील. म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तर म्हणते, "पोरांच्या पायाला फोड आले होते." तुला कोणी सांगितलं? म्हणे, "बायका सांगतात." ह्या बायका हळदीकुंकू करतात की पंचायत?

१८ जानेवारी, बुधवार

जिंकलो! दोन-एक! पहिली मॅच जिंकलो!

आणि गंमत म्हणजे, थंडीने माझा घसा पार बसलेला. फुसफुस यायची नुसती. तरी टीम चालली. ह्याला म्हणतात शिस्त. मॅनेजरने एकदा वळण लावलं की मग त्याने तोंड उघडायचीही गरज नाही. राघो आपणहून डावीकडे सरकला, मी सांगितलंही नव्हतं. दोन्ही गोल तिकडून झाले. सरला म्हणाली होती तसंच, पण तो योगायोग.

निळे मोजे घालून सगळे उतरले. लांबून टीम वाटत होती, एवढं मान्य.

एक गोष्ट खटकली. समोरच्या कुंपणाशी आमच्या पंधरा-वीस बायका येऊन बसतात, सरला मध्ये. बॉबीनवाल्या बायका त्या, मैदान ओलांडूनसुद्धा हातांनी गप्पा मारतात. सगळा वेळ सरलाचे हात चालू होते. कोणाच्या भाजीत मीठ कमी, कोणाची सून कशी, हेच असणार. आणि आमची पोरं बघतात तिकडे! मॅच चालू असताना बायकांकडे बघतात! घरी आल्यावर सरलाला सांगितलं, यायचं तर हात पदरात घेऊन बसायचं. ती "बरं" म्हणाली.

२० जानेवारी, शुक्रवार

शेठ खुश. गल्ल्यावर बसून सगळ्यांदेखत म्हणाले, "निंबानी टीम तो मशीननी जेम चाले छे." मशीनसारखी चालते म्हणे. डिप्लोमावाला तिथेच होता. मी त्याच्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

घरी पेढे नेले. सरलाने विचारलं, "म्हणजे सचिनची शेड नक्की ना?" म्हटलं, कप घरी आला की नक्की. ती दोन वेळा म्हणाली, मिळायलाच पाहिजे. "त्या पोराच्या हाताखाली तुम्ही एक दिवस टिकणार नाहीत. त्याला माराल आणि घरी बसाल." आत्ता कुठे बायकोला नवऱ्याची कदर आली.

मग म्हणते, ऑफसाईड म्हणजे काय? मी वाटीचमचे मांडून समजावलं. तीनदा समजावलं आणि माझाच गोंधळ झाला. शेवटी जयश्रीने समजावलं. मायलेकी दोघी हसत होत्या. घरात माझी किंमत काय आहे, ते आज कळलं.

२५ जानेवारी, बुधवार

जिंकलो, पण माझा रक्तदाब वाढवून.

सेमीफायनल. एक-शून्य पुढे होतो, पंधरा मिनिटं राहिली होती. मी ओरडलो, सगळे पुढे चला, दुसरा गोल करा! घसा आता सुटलाय, हजीऱ्याच्या बंदरापर्यंत जाईल असा आवाज लावला. एकही जण पुढे गेला नाही. उलट सगळे मागे आले, गोलपुढे भिंत करून उभे राहिले. माझ्या हुकुमाच्या बरोबर उलट! दत्तू तर चालत मागे आला. चालत!

मॅच संपल्यावर मी त्याची गचांडी धरली. का नाही गेलास पुढे? तो खाली बघतो. ऐकू नाही आलं? तो मैदानाच्या पलीकडे बघतो. मग म्हणाला, "मास्तर, तुम्ही ओरडता ते इथपर्यंत येतच नाही हो. खात्यातसुद्धा आम्ही तुमचं तोंड बघून अंदाज बांधतो." मी म्हटलं, अंदाज? वीस वर्षं अंदाज? सगळे हळूहळू पांगले. कोणी थांबून म्हणालं नाही की दत्तू खोटं बोलतोय.

फायनलला दत्तू बाहेर. ठरलं. मॅनेजरचं न ऐकणारा माणूस सोन्याचा असला तरी नको.

२६ जानेवारी, गुरुवार

सरला भांडली. चोवीस वर्षांच्या संसारात अशी भांडली नव्हती. दत्तूला काढाल तर मी जेवण करणार नाही, म्हणाली. दत्तूची बायको परभणीला बाळंत झाली आहे, तो जादा पाळ्या करून पैसे धाडतो, तरी तुमच्यासाठी सकाळी पळायला येतो, त्याला काढता? मला हे काही माहीत नव्हतं. हिला कसं माहीत? तर, पत्र वाचून घ्यायला तो जयश्रीकडे येतो. माझ्याच घरी येतो! आणि मला पत्ता नाही!

मी ताट भिरकावलं. नंतर मीच उचललं, कारण कोणी उचलेना. वरण भिंतीवर गेलं होतं, तेही मीच पुसलं.

दत्तू खेळेल. पण मी ठरवलं म्हणून खेळेल.

२९ जानेवारी, रविवार

प्रॅक्टिसला शेठ डिप्लोमावाल्याला घेऊन आले. पोरगा माझ्या बाजूला उभा राहून काहीबाही विचारत होता. ही आजकालची पोरं तोंड उघडून बोलतच नाहीत, ओठ हलतात, आवाज नाही. मी म्हटलं, हो, बहात्तरच्या बहात्तर मशीन मी एकटा बघेन. तर पोरगा शेठकडे बघायला लागला आणि शेठ खाली बघायला लागले. जयश्री जवळ येऊन माझ्या तोंडासमोर मोठ्याने म्हणाली, "बाबा, ते विचारतायत चहा घेणार का." मग मला चहाच नको झाला.

रेफ्रीही तसाच. म्हणतो शिट्टी वाजवली. मला विचाराल तर तो फक्त गाल फुगवतो.

१ फेब्रुवारी, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

फायनल. समोर ओडिया मजुरांची टीम, अनवाणी खेळतात, बॉल पायाला चिकटवल्यासारखा. तरी अर्ध्या वेळेला एक-शून्य पुढे आम्ही. राघोचा गोल, डावीकडून.

दुसऱ्या अर्ध्यात रेफ्रीने सुपडूचा गोल नाकारला. ऑफसाईड म्हणे! मी थेट आत घुसलो. काय बोललो ते लिहीत नाही, डायरी जयश्री वाचते. रेफ्रीने मला बाहेर काढलं. शेठसमोर, तीन हजार माणसांसमोर. वर म्हणाला, टीमच्या बाजूलाही थांबायचं नाही, पलीकडे जा. पलीकडे म्हणजे बायकांच्या बाजूला.

मी मैदानाला वळसा घालून गेलो. बायकांच्या मागे जाऊन उभा राहिलो. आणि पहिल्यांदा मला ती बाजू दिसली.

सरला तेलाच्या पालथ्या डब्यावर उभी होती. पदर खोचलेला. आणि हात चाललेले. मीठ नाही, भाजी नाही, सून नाही. मूठ उघडून उजवीकडे दाखवलं, तार तुटला. सुपडू पळत उजवीकडची मोकळी जागा भरायला गेला. डोक्यावर हात ठेवला, शेठ आला. दत्तूने मागे न बघताच बॉल सोडून दिला, कारण त्याच्या पाठीवर माणूस होता. बोटं गोल फिरवली, बॉबीन संपली. राघो दमला होता, तो मागे गेला, दुसरा पुढे आला. दर दहा-पंधरा सेकंदांनी अकराच्या अकरा माना हिच्याकडे वळत होत्या. अकराच्या अकरा. मी वीस वर्षांत खात्यात एवढ्या माना वळवल्या नाहीत.

मी गर्दीतून घुसलो आणि तिची दोन्ही मनगटं धरून हात खाली ओढले. म्हटलं, खाली उतर! लाज नाही वाटत? माझ्या टीमला तू नाचवतेस? ती म्हणाली, सोडा. मी सोडलं नाही. बायका ओरडत होत्या, मला काही ऐकू येत नव्हतं, तोंडं तेवढी उघडलेली दिसत होती. ती परत म्हणाली, सोडा, जिंकायचंय ना? मी आणखी घट्ट धरलं.

तेवढ्यात गोल झाला. आमच्यावर. एक-एक.

मी वळून बघितलं. बॉल जाळीत पडलेला आणि दगा त्याच्याकडे बघतही नव्हता. तो आमच्याकडे तोंड करून उभा होता, गालावर हात ठेवून. लाईट गेली. मग सुपडूने गालावर हात ठेवला. मग दत्तूने, राघोने. एकेक करत सगळ्यांनी. अख्खी टीम भर मैदानात गालावर हात ठेवून आमच्याकडे बघत उभी, म्हणजे हिच्याकडे. समोरचे ओडिया हसायला लागले, त्यांना काय कळणार?

मला कळलं. मी मनगटं सोडली. लाल वळ उठले होते. तिने एकदा चोळली आणि परत डब्यावर चढली. मी डबा धरून बसलो, कारण तो हलत होता. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

शेवटच्या चार मिनिटांत दत्तूने गोल केला. दोन-एक.

नंतरचंही लिहितो. शेठ कप घेऊन माईकवर आले, मला स्टेजवर बोलावलं, हार घातला आणि सांगून टाकलं की सोमवारपासून सचिनची शेड निंबाची. टाळ्या. मग विचारलं, निंबा, सांग सगळ्यांना, टीम कशी चालवलीस? खाली पोरं उभी होती. सरला जयश्रीच्या बाजूला, पदर मनगटावर ओढून. मी माईक धरला आणि म्हणालो, "धाक."

पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरलाने वाजवल्या.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस घरात कोणी विषय काढला नाही. सरला नेहमीसारखी वागते. हळदीचा लेप लावला आहे मनगटाला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी दोनदा काही म्हणायला तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

शेठ म्हणाले, तुझी अकरा माणसं घेऊन सचिनला जा, नव्या शेडची सुरुवात त्यांनीच करायची. मी दुपारच्या सुट्टीत एकेकाला विचारलं. दगाला आधी. तो म्हणाला, "मावशी येणार का बॉबीन खात्यात?" म्हटलं, तिचा काय संबंध? मग नको म्हणाला. राघो, तेच. सुपडू, माझ्याहून म्हातारा, तोही तेच. दत्तूने तर चक्क हात जोडले. म्हणाला, "मास्तर, इथे निदान मशीनच्या आवाजात तुमच्या शिव्या ऐकू येत नाहीत. नव्या शेडमध्ये नव्या मशीन, म्हणे आवाज कमी."

अकरा माणसांतला एक येत नाही. कप जिंकून दिला मी ह्यांना! म्हणजे, मी नाही. पण मॅनेजर तर मी होतो ना? नाव तर माझंच होतं ना कागदावर?

४ फेब्रुवारी, शनिवार

सगळं संपलं. स्वतःच्या हाताने संपवलं.

शेठने ऑफिसात बोलावलं. डिप्लोमावाला बसलेला, दोन पेन लावून. शेठने यादी मागितली, कोण कोण येणार. मी म्हटलं, कोणी नाही. शेठ म्हणाले, का? तुझा एवढा धाक ना? आणि तो पोरगा हसला. मोठ्याने नाही, मला आवाज आला नाही, पण ओठ मी बघितले.

मग माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, मग तिलाच करा हेड! माझ्या बायकोला करा! तीच चालवत होती टीम, पहिल्या मॅचपासून! पलीकडून हातवारे करायची, पोरं तिचं ऐकायची, माझं कोण ऐकतं? दगाला तिने परत आणलं, मोजे तिने दिले, राघोला डावीकडे तिने घातलं! घ्या, बसवा तिला सचिनला!

शेठ हळू बोलले, पण तोंड माझ्याकडेच होतं, म्हणून कळलं. "तो पछी तें शुं कर्युं?" मग तू काय केलंस?

चप्पल मारली, हे आठवलं. मनगट धरलं, हे आठवलं. शेठ म्हणाले, बाईला हेड करायची आपल्याकडे रीत नाही, आणि तू खरं बोललास ते चांगलं केलंस. असं म्हणून त्यांनी सचिनच्या शेडची चावी टेबलावरून उचलली आणि त्या पोरापुढे ठेवली.

खरं बोललास म्हणे! मी रागात बोललो. खरं बोलायचं मनात असतं तर बुधवारी माईकवर बोललो असतो.

५ फेब्रुवारी, रविवार

काल घरी सांगायची हिंमत झाली नाही. आज सकाळी सांगितलं. मनात होतं, सरलाला बरं वाटेल. तिचं नाव शेठसमोर घेतलं, सगळं श्रेय दिलं, एक शब्द लपवला नाही. वाटलं, माझ्याकडे बघेल, म्हणेल, चला, उशिरा का होईना.

ती धागे कापत होती. कात्री खाली ठेवली. म्हणाली, "कसाले सांगं तुम्ही? कसाले?" कशाला सांगितलं? मी म्हटलं, अगं, तूच तर चालवलीस टीम. तर ती ओरडली. सरला ओरडली! शेजारी बाहेर आले. म्हणाली, मी कोणाकरता उभी राहिली त्या डब्यावर? मला कप हवा होता का? मला शेठ हवा होता का? दगाच्या बायकोच्या पाया पडले, मोज्यांसाठी चारचार रात्री जास्त साड्यांचे धागे कापले, हात धरलेत, तेही गिळलं. स्टेजवर तुम्ही धाक म्हणालात तेव्हा टाळ्या वाजवल्या मी. कारण शेड तुम्हाला मिळाली होती. त्या मशीनच्या आवाजातून तुम्ही बाहेर पडणार होता. सहा वर्षं झाली, तुम्हाला ऐकू येत नाही. आम्ही दोघी तुमच्यासमोर येऊन, तोंड दाखवून बोलतो, तुम्हाला पत्ता लागू देत नाही. सचिनला मशीन नव्या होत्या, आवाज कमी होता. हेड झालात की ऑफिसात बसला असता. उरलेला कान वाचला असता. एवढंच हवं होतं मला. आणि तुम्ही एका पोराच्या हसण्यावर घालवलंत.

मी म्हटलं, खोटं. मला सगळं ऐकू येतं. जयश्रीकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

मला राग आला, पण कोणावर काढावा ते कळेना. शेठवर, त्या पोरावर, दत्तूवर, हिच्यावर. एकेक नाव घेऊन बघितलं, कोणावरच बसेना. मग म्हटलं, सरला, मी उद्या शेठकडे जातो, पाय धरतो. ती उठून भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. रडते की बोलते, कळेना. बराच वेळ काहीतरी बोलत होती, हे नक्की, कारण जयश्री मध्येच "आई, बस" असं म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मी म्हटलं, इकडे बघून बोल.

तिने बघितलं नाही.

मी जवळ जाऊन परत म्हटलं, अगं, इकडे बघून बोल ना.